टर्बो गाडीसाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) निवडताना
बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) थोडाच वाढवायचा असेल तर मूळ ईसीयू रीमॅप केला, म्हणजे त्याची सेटिंग्ज बदलली, तरी भागतं. टर्बो आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे) दोन्ही मोठे बसवणार असाल, तरच स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू, घ्या. पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा जादा बॉक्स) टाळलेलाच बरा: तो सेन्सरचे सिग्नल बदलतो आणि मूळ ईसीयू फ्युएल ट्रिमने, म्हणजे इंधनाचं प्रमाण आपोआप दुरुस्त करून, मिश्रण पुन्हा जागेवर आणू पाहतो.

मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा दाब धरून एकूण दाब, मोजतो. 1.5 बार बूस्ट म्हणजे सुमारे 2.5 बार, म्हणून सेन्सर 3 बारचा हवा. रेंज संपली की पुढचा दाब ईसीयूला दिसतच नाही. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होतं, पिस्टन जातो.

इंजेक्टरचा रोध मल्टिमीटरने मोजा. 12 ओहमच्या आसपास असेल तर साधा ड्रायव्हर (ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट) चालतो. 2-3 ओहमला पीक-अँड-होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) लागतो, नाहीतर ड्रायव्हर जळतो. क्रँकचं ट्रिगर व्हील (क्रँकची जागा दाखवणारं दातेरी चाक), 36-1 की 60-2 (36 पैकी 1 की 60 पैकी 2 दात गाळलेलं), तेही ईसीयूशी जुळायला हवं.