सशर्त नॉकआउट उंदीर: आराखड्यापासून पुराव्यापर्यंत

एखादे जनुक सगळ्या शरीरातून काढले (नॉकआउट केले) आणि भ्रूण गर्भातच दगावला, तर प्रौढ यकृतात ते जनुक काय करते हे कळायची वाट बंद होते. क्रे-लॉक्सपी पद्धतीने ते हव्या त्या पेशीत, हव्या त्या वेळी काढता येते; हाच सशर्त नॉकआउट. पी१ या जिवाणूभक्षी विषाणूचे क्रे हे विकर ३४ बेसजोड्यांचा लॉक्सपी क्रम ओळखते. दोन लॉक्सपी एकाच दिशेने असतील तर मधला डीएनए निघून जातो, उलट दिशेने असतील तर तो फक्त उलटतो.

पहिला निर्णय एक्सॉनचा, म्हणजे जनुकाच्या अंतिम आरएनएत टिकणाऱ्या तुकड्याचा. सुरुवातीकडचा आणि जनुकाच्या सर्व आरएनए-रूपांत येणारा एक्सॉन निवडा, आणि त्याची लांबी ३ ने भागून पाहा. निःशेष भाग गेला तर वाचनचौकट (तीन-तीन बेस वाचण्याची मांडणी) शाबूत राहते आणि आखूड पण काम करणारे प्रथिन तयार होऊ शकते. म्हणून भाग न जाणारा एक्सॉन घ्या. दोन-तीन एक्सॉन एकत्र काढायचे असतील तर त्यांच्या लांबीची बेरीज तपासा. लॉक्सपी दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनमध्ये (एक्सॉनांमधल्या, आरएनएतून गळणाऱ्या भागात), स्प्लाइस-जागेपासून (जिथे इंट्रॉन कापून एक्सॉन जोडले जातात) किमान १००–२०० बेस दूर ठेवा. इंट्रॉनमधले, अनेक प्राण्यांत जसेच्या तसे टिकलेले क्रम टाळा, ते बहुधा नियंत्रणाचे असतात. दोन लॉक्सपींमधले अंतर २–३ हजार बेसच्या आत राहिले तर उत्तम, कारण अंतर वाढते तशी क्रेची कार्यक्षमता घटते.

क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने बनवलेले संस्थापक (पहिल्या पिढीतले) उंदीर बहुधा मिश्रपेशी असतात, म्हणजे त्यांच्या सगळ्या पेशींत एकच बदल नसतो. शिवाय एक लॉक्सपी एका गुणसूत्रावर आणि दुसरा जोडीदारावर बसलेला असू शकतो. शेपटीच्या पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याच्या चाचणीत) दोन्ही दिसतात आणि सगळे ठीक वाटते. त्यामुळे संस्थापकाचा रानटी प्रकाराशी (बदल नसलेल्या उंदराशी) संकर करा आणि पिल्लांमध्ये दोन्ही लॉक्सपी एकाच तुकड्यात येतात का, हे लांब पीसीआर करून, क्रमवाचनासह पाहा. त्याच तुकड्यावर शुद्ध क्रे विकर टाकले आणि आखूड पट्टी मिळाली, तर लॉक्सपी चालतात हे परीक्षानळीतच कळते.

आता पैदास. दोन लॉक्सपींनी वेढलेल्या जनुकाला फ्लॉक्स आणि साध्या जनुकाला + म्हणतात. फ्लॉक्स/फ्लॉक्स उंदराचा क्रेवाहकाशी संकर केल्यावर मिळणारे फ्लॉक्स/+ क्रेवाहक पुन्हा फ्लॉक्स/फ्लॉक्सशी जोडा. क्रे आणि तुमचे जनुक वेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर चारांपैकी एक पिल्लू हवे ते, म्हणजे फ्लॉक्स/फ्लॉक्स क्रेवाहक, निघते. ८ नर हवे असतील तर सरासरी ६४ पिल्ले लागतील, म्हणजे ६–८ पिल्लांच्या वेताने ८ ते ११ वेते. फ्लॉक्स/फ्लॉक्स क्रेवाहक प्रौढ व प्रजननक्षम असेल तर त्याला फ्लॉक्स/फ्लॉक्सशी जोडल्यावर निम्मी पिल्ले कामाची निघतात आणि उरलेली भावंडे नियंत्रण-गटात जातात.

पण तेवढे नियंत्रण पुरत नाही. फक्त क्रे असलेला, फ्लॉक्स नसलेला गट हवाच, आणि जागेअभावी सर्वात आधी कापला जातो तो नेमका हाच. मायएच६-क्रे (हृदयाच्या स्नायूत चालणारे क्रे) वयानुसार हृदयाला स्वतःच इजा करू शकते, नेस्टिन-क्रे (मज्जासंस्थेत चालणारे क्रे) असलेले उंदीर मुळातच आकाराने लहान असतात. हा गट नसेल तर तो दोष तुमच्या जनुकाच्या माथी बसतो.

वेळ स्वतः ठरवायची असेल तर क्रे-ईआरटी२ वापरा; हे क्रे टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच कामाला लागते. टॅमॉक्सिफेन मक्याच्या तेलात २० मिलिग्रॅम प्रति मिली या प्रमाणात, ३७ अंशांवर, अंधारात, रात्रभर हलवत विरघळवा. कण दिसत असतील तर देऊ नका. सामान्य मात्रा ७५ मिलिग्रॅम प्रति किलो, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, रोज एकदा, ५ दिवस. २५ ग्रॅमच्या उंदराला साधारण ९५ मायक्रोलिटर. शेवटच्या मात्रेनंतर निदान ७ दिवस थांबा, आणि प्रथिन दीर्घायुषी असेल तर आणखी. वजन रोज मोजा. औषध सर्व गटांना सारखेच द्या, कारण ते इस्ट्रोजेन-ग्राहकावर काम करते आणि हाडे, गर्भाशय व चरबीवर त्याचा स्वतःचा परिणाम होतो. हातमोजे घालाच, गरोदर व्यक्तीने हे काम करू नये.

जनुकप्रकार ओळखायला तीन प्रायमर (पीसीआर सुरू करणारे आखूड डीएनए-तुकडे) पुरतात: पहिला डाव्या लॉक्सपीच्या बाहेर, दुसरा लगेच आत, तिसरा उजव्या लॉक्सपीच्या पलीकडे. पहिल्या-दुसऱ्यातून रानटी आणि किंचित मोठी फ्लॉक्स पट्टी मिळते, तर पहिल्या-तिसऱ्यातून जनुक कापले गेल्यावरच आखूड पट्टी येते. ही आखूड पट्टी सहज वाढते. त्यामुळे ती दिसली म्हणजे सगळ्या पेशींत जनुक गेले, असे मुळीच नाही. काढलेल्या एक्सॉनच्या आत प्रायमर ठेवून आरएनए मोजा आणि वेस्टर्न ब्लॉटने प्रथिन पाहा. यकृतात अल्ब्युमिन-क्रे मुख्यतः यकृतपेशींत चालते. रक्तवाहिन्यांच्या व इतर पेशींतला डीएनए शाबूत राहतो, म्हणून अख्ख्या ऊतीत संकेत शून्यावर येणार नाही. पेशी वेगळ्या करून मोजणे चांगले. टीडीटोमॅटो (क्रे चालल्यावर लाल चमकणारे सूचक प्रथिन) चमकले म्हणजे क्रे तिथे पोहोचले, एवढेच कळते. तुमचे फ्लॉक्स जनुक कापायला त्याहून अवघड असू शकते.

क्रे नसलेल्या पिल्लाच्या शेपटीत कापलेली पट्टी दिसली, तर आईबापांच्या जननपेशींतच क्रे चालून गेले आहे. ते पिल्लू प्रयोगातून वगळा. पुढच्या जोड्यांत क्रे नराकडून की मादीकडून येते याची नोंद ठेवा, आणि ज्या बाजूने गळती कमी दिसेल तिकडूनच ते द्या.