माउस मेला की लगेच ड्रायव्हर काढायला धावू नका

माउस हलेना म्हणून कुणाला विचारलं की हमखास एकच सल्ला मिळतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) जा, माउसवर राइट क्लिक करा आणि ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारं सॉफ्टवेअर, अनइन्स्टॉल करा. अहो, राइट क्लिक करता आलं असतं तर विचारायला आलोच नसतो ना! आणि दुसरं म्हणजे ड्रायव्हर हे कारण क्वचितच असतं. साधा माउस विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो, तो काढलात तरी रिस्टार्टनंतर तोच परत येऊन बसतो.

पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा लाइट चालू-बंद होत नसेल तर माउस बिचारा ठीक आहे, अख्खं मशीन हँग झालंय, थोडं थांबा नाहीतर पॉवर बटण दाबून धरा. लाइट होतोय म्हणजे आता माउसकडे वळू.

दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. हे एवढं एक काम केलं की अर्धी डोकेदुखी संपते, तरी लोक हे सगळ्यात शेवटी करतात. तिथेही चालत नाही तर दोष माउसचा, तिथे चालतो तर तुमच्या मशीनचा किंवा पोर्टचा.

दोष माउसचा निघाला तर बॅटरी, खालचं ऑन-ऑफचं बटण आणि सेन्सरच्या भोकात अडकलेला केस बघा. बॅटरीच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर आला असेल तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खाली १-२-३ असं बटण असेल तर तेही बघा, हा माउस एकावेळी दोनतीन मशीनला जोडता येतो आणि बटण चुकून दाबलं गेलं की तो बसतो दुसऱ्याच मशीनशी बोलत. लाल लाइट दिसत नाही म्हणून फेकून देऊ नका, बऱ्याच वायरलेस माउसचा प्रकाश इन्फ्रारेड असतो, डोळ्यांना दिसतच नाही. काचेच्या टेबलावर वापरत असाल तर खाली एक कागद ठेवा. वायरचा असेल तर वायर माउसमध्ये शिरते तिथे जरा वाकवून बघा, वाकवल्यावर चालू आणि सोडल्यावर बंद म्हणजे आत तार तुटलीय.

पोर्ट बदला. हबमध्ये (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणारा डबा) लावला असेल तर काढून थेट मशीनला लावा.

मग रिस्टार्ट. शटडाउन करून परत चालू करणं नाही, रिस्टार्टच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शटडाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि तोच परत उचलतात, त्यामुळे अडकलेली गोष्ट तशीच अडकलेली राहते. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी चारदा बंद-चालू केलं हो" म्हणणाऱ्या माणसाला मी पहिलं हेच करायला लावतो.

आता खरी कटकट. माउस चांगला चालतोय, तुम्ही पाच-दहा मिनिटं फोनवर बोललात, परत आलात तर ढिम्म. काढून लावला की चालू. परत तासाभराने तेच. यात मी दोन महिने घालवले आणि दोन चांगले माउस बदलले. माउसला काहीच झालं नव्हतं, वीज वाचवायची म्हणून विंडोज तो पोर्ट झोपवत होतं आणि तो परत उठत नव्हता.

हे कळायच्या आधी मी जो शहाणपणा केला तो तुम्ही करू नका. एका रात्री वैतागून डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब (मशीनच्या आतला, यूएसबी पोर्ट सांभाळणारा भाग) डिसेबल केला, म्हटलं परत इनेबल करू, ताजा होईल. पण माझा कीबोर्डही त्याच हबवर होता! डेस्कटॉप, त्यामुळे टचपॅड नाही, माउस नाही, आता कीबोर्डपण नाही. रिस्टार्ट केलं तरी फरक नाही कारण डिसेबल केलेलं विंडोज लक्षात ठेवतं. घरात जुना गोल पिनवाला पीएस/२ कीबोर्ड पडला होता आणि मशीनला ते पोर्ट होतं म्हणून वाचलो (तो मशीन बंद असतानाच लावायचा, चालू असताना नाही). तेव्हा एकदाच सांगतो, त्या यादीत डिसेबल हा शब्द दिसला की हात मागे घ्या. आपल्याला फक्त एक टिक काढायची आहे.

लॅपटॉप असेल तर टचपॅडवरून करा, सोपं आहे. डेस्कटॉपवाल्यांनी कीबोर्डवरून. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, सोडा, मग एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडेल. टॅब दाबून यादीत या. यू दाबत राहिलात की यू पासून सुरू होणाऱ्या नावांवर उडी मारत जाईल, त्यात युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स आलं की थांबा. उजवा बाण दाबला की ते उघडतं, मग खालच्या बाणाने यूएसबी रूट हब लिहिलेल्या ओळीवर या आणि एंटर. एक छोटी खिडकी येते. कंट्रोल धरून टॅब दाबत पॉवर मॅनेजमेंट या भागावर जा. तिथे "अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस टु सेव्ह पॉवर" असं काहीतरी असतं, त्यावर टॅबने जाऊन स्पेस दाबा, टिक गेली की एंटर.

एकच हब करून थांबू नका. यादीत दोन-तीन रूट हब असतात, माउस कोणत्यावर आहे ते शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांची टिक काढा. मी पहिल्यांदा एकाचीच काढली आणि "हे पण चालत नाही" म्हणून अजून एक आठवडा रडत बसलो. "अलाऊ धिस डिव्हाइस टु वेक द कॉम्प्युटर" असं कुठे दिसलं तर ते वेगळं, त्याला हात लावू नका.

काही लॅपटॉपवर पॉवर मॅनेजमेंटचा भागच दिसत नाही. मग स्टार्टमध्ये एडिट पॉवर प्लॅन टाइप करा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा, यूएसबी सेटिंग्जखाली सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं, ते डिसेबल करा (इथलं डिसेबल चालतं, घाबरू नका). खरं तर डेस्कटॉपवाल्यांनीही हे करून टाकावं. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊदे. टिक काढून महिनाभर बरं चाललं आणि परत तोच त्रास सुरू झाला तर आधी टिक परत आलीय का ते बघा, ड्रायव्हर नव्याने बसला की ती येऊ शकते.

डोंगलवाला (यूएसबी पोर्टमध्ये छोटा रिसीव्हर लावायचा) वायरलेस माउस असेल आणि तो पूर्ण मरत नाही, नुसता अडखळतो, उडी मारतो, मध्येच गायब होतो, आणि हे नेमकं एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की होतं, तर बॅटरीवर पैसे घालवू नका. यूएसबी ३.० ची वायर आणि पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडतात आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. ही माझी थिअरी नाही, इंटेलने २०१२ मध्ये मोजून छापलंय. डोंगल हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये म्हणजे ढोलाशेजारी बसून फोनवर बोलणं. त्याला लांबच्या पोर्टमध्ये घाला, नाहीतर छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर माउसच्या जवळ आणून ठेवा. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या आड डोंगल लावून माउस अडखळतो म्हणणाऱ्यांनाही हेच औषध.

ब्लूटूथचा असेल तर सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून काढून परत जोडा, पण आधी कीबोर्डवरून तिथपर्यंत जाता येतंय का ते बघून मगच काढा.

एवढं सगळं चाललेलं असताना स्क्रीनवर काही अर्जंट उघडं असेल आणि टचपॅड नसेल, तर डावीकडचे आल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबा आणि हो म्हणा. नंबर पॅडच्या ८, २, ४, ६ ने बाण हलतो आणि ५ ने क्लिक होतं. भयंकर हळू आहे, पण फाइल सेव्ह करण्यापुरतं चालतं.