घेर कमरेत नको, खाली हवा : मुलीच्या गाऊनखालचा पेटीकोट शिवताना

जिला फ्रॉक शिवता येतो तिला आतला पेटीकोट येणारच, असं सगळे धरून चालतात. त्यामुळे क्लासमध्ये तो कुणी वेगळा शिकवत नाही. परकर शिकवतात, कळ्यांचा घागरा शिकवतात, आणि मग वाढदिवसाच्या किंवा स्वागत समारंभाच्या गाऊनची पहिली ऑर्डर आली की आपण एकट्या पडतो. मी पुण्यात घरूनच लहान मुलींचे समारंभाचे कपडे शिवते. आजही घेरदार गाऊन आला की आधी पेटीकोटचं गणित कागदावर मांडते, मगच वरच्या कापडाला हात लावते. तुम्हीही क्रम हाच ठेवा. फुगारा तयार नसताना गाऊनची लांबी मोजून उपयोग नाही. पेटीकोटवर बसला की गाऊन वर उचलला जातो आणि पायाशी ठरवलेली लांबी पोटरीवर येते.

माप घेणं, कापणं, सरळ टीप मारणं तुम्हाला येतं असं मी धरते. ज्या एका ठिकाणी बहुतेकजणी अडकतात, आणि मीही बराच काळ अडकले होते, तेवढं मात्र सविस्तर सांगते.

घेर हवा म्हणून आपण लांबच लांब नेट घेतो, वरच्या काठाला चुण्या घालतो आणि कमरेच्या इलॅस्टिकला जोडून टाकतो. सरळ वाटतं. बाजारात मिळणारे स्वस्त कॅनकॅन, म्हणजे नेटचे तयार पेटीकोट, हेही असेच असतात. पण सहा वर्षांच्या मुलीचं माप घेऊन आकडे मांडा. कंबर 22 इंच. खालचा घेर धरू 232 इंच, म्हणजे 58 इंच पन्ह्याचे (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) चार तुकडे जोडून. हा सगळा घेर कमरेत घातला तर कमरेच्या प्रत्येक इंचात दहा इंचांहून जास्त नेट कोंबलं जातं. दोन थर केले तर वीसच्या वर. वरून अस्तर, वरून गाऊनच्या स्वतःच्या चुण्या. मशीनचा पाय त्यावरून जात नाही, सुई मोडते, आणि जोडलं गेलंच तर पोरीच्या पोटाभोवती जाड कडं तयार होतं. अंगात घातल्यावर पोट सुटल्यासारखं दिसतं, मूल पाच मिनिटांत खाजवायला लागतं, आणि खाली, जिथे फुगारा हवा होता, तिथे नेट आपल्याच वजनाने लोंबतं. मग आपल्याला वाटतं नेट कमी पडलं, म्हणून आणखी एक थर. तो थरही कमरेतच. इथून पुढे कितीही कष्ट केले तरी तो पेटीकोट सुधारत नाही.

कंबर सपाट ठेवायची आणि घेर खाली वाढवत न्यायचा. वर साध्या सुती कापडाचा योक, म्हणजे कमरेखालचा सपाट पट्टा, त्याखाली नेटच्या तीन स्टेप, म्हणजे एकीखाली एक जोडलेल्या चुणीदार पट्ट्या, प्रत्येक स्टेप वरच्यापेक्षा दुप्पट लांब. गाऊन कमरेपासून 24 इंच असेल तर पेटीकोट दीड इंच आखूड ठेवा, म्हणजे साडेबावीस. त्यात योक 6 इंच आणि तीन स्टेप साडेपाच इंचांच्या. योकचा घेर 28 इंच पुरे. इलॅस्टिक घातल्यावर तो कमरेला जेमतेम चुणतो आणि सीटवरून सहज उतरतो. पहिली स्टेप 58 इंचांची, पन्ह्याचा एक तुकडा. दुसरीला दोन तुकडे, तिसरीला चार. एकूण सात तुकडे, प्रत्येक साडेसहा इंच उंच, कारण वरखाली अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारं जास्तीचं कापड, लागते. सात गुणिले साडेसहा म्हणजे साडेपंचेचाळीस इंच. सव्वा मीटर नेटमध्ये एक थर बसला! आता तेच 232 इंच कमरेपासून एकसंध केले असते तर तेवीस इंचांचे चार तुकडे, म्हणजे 92 इंच, जवळजवळ दुप्पट नेट. जास्त कापड घालून कमी फुगारा. म्हणूनच ‘सहा मीटर घ्या, सात मीटर घ्या’ असं मोघम सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पन्हा विचारा, तुकडे मोजा, मग मीटर सांगा.

या स्टेपच्या रचनेत फुगारा येतो कुठून, हेही समजून घ्या. प्रत्येक जोडाला चुण्यांची एक ताठ कड तयार होते आणि ती खालच्या स्टेपला बाहेर ढकलते. म्हणून गाऊन अगदी बाहुलीसारखा हवा असेल तर स्टेप लांब न करता त्यांची संख्या वाढवा.

सामानासाठी रविवार पेठेत, बोहरी आळीत जा. नेट, इलॅस्टिक, दोरे, लेस सगळं एका फेरीत होतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत मात्र जाऊ नका, सजावटवाल्यांच्या गर्दीत कुणी धड कापड दाखवत नाही. दुकानात ‘कडक नेट’ मागितलं की दोन प्रकार पुढे येऊ शकतात. एकात ताठपणा धाग्याचाच असतो, दुसऱ्यात खळीचा. दोन्ही हाताला सारखेच लागतात. मुठीत चुरगळून सोडा, धाग्याचा ताठपणा असेल तर नेट झटकन उघडतं. खात्री नसेल तर आधी पाव मीटर आणा, कोपरा ओला करून वाळवा. खळ असेल तर वाळल्यावर तो कोपरा मऊ पडलेला असतो, आणि पहिल्या धुण्यात अख्ख्या पेटीकोटचं तेच होणार. कडक नेट फक्त शेवटच्या दोन स्टेपना वापरा. पहिली स्टेप मऊ नेटची करा. सगळंच कडक घेतलं तर मुलीला खाली बसता येत नाही.

चुण्यांच्या बाबतीत यूट्यूबवर झिगझॅगखाली जाड दोरा घालून ओढायची युक्ती दाखवतात. युक्ती चांगली आहे, पण घरातल्या साध्या काळ्या मशीनला झिगझॅग नसतो, आणि नवी मशीन घेतल्याशिवाय हे काम होणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सरळ टीपेवर सगळं होतं. 11 नंबरची सुई लावा, टाका सगळ्यात मोठा करा, वरचा दोरा किंचित सैल ठेवा आणि काठालगत पाव-पाव इंचावर दोन टीपा मारा. बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा दोरा भरा, म्हणजे ओढायचा कोणता ते लगेच दिसतं. सगळ्यात महत्त्वाचं, 232 इंचांवर एकच अखंड टीप मारू नका. ओढताना दोरा मध्येच तुटला की सगळं पहिल्यापासून. प्रत्येक तुकड्याची टीप जोडापाशी थांबवा, दोऱ्याची शेपटं सोडा, पुढच्या तुकड्याला नवी सुरुवात करा. वरच्या स्टेपचे चार भाग करून खडूने खुणा करा, खालच्या स्टेपचेही चार, खूण खुणेला लावा आणि मगच दोरा ओढा. टाचण्या नेटच्या भोकांतून निसटून पडतात, आणि एखादी आत राहिली तर मुलीला टोचेल. त्याऐवजी लहान चिमटे लावा. जोडताना चुण्यांची बाजू वर ठेवा. नेट मशीनच्या दातांत अडकत असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी घाला, टीप झाल्यावर ती फाडून काढता येते.

चुण्या सगळीकडे एकसारख्या येणार नाहीत. घाबरू नका. वर गाऊन येणार आहे, नेटच्या चुण्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी बाहेरून काही कळत नाही. तिथे रात्र घालवू नका, ती मेहनत अस्तराला द्या.

अस्तराशिवाय पेटीकोट देऊच नका, पालकांनी पैसे वाचवायला सांगितलं तरी. नेटची कापलेली कड कोवळ्या कातडीवर करवतते. नेटच्या आत मलमल किंवा पॉपलीनचं सैलसर अस्तर हवं, योकपासून खालपर्यंत. कापायच्या आधी ते कापड पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून नेट वर ओढलं जाईल. स्टेपच्या जोडांची माया बाहेरच्या अंगाला वळवा आणि योकच्या जोडावर उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. इस्त्री अगदी मंद, वर सुती फडकं टाकून. गरम इस्त्रीखाली नेट वितळून चिकटतं.

वितळण्यावरून आणखी एक सांगते, आणि हे प्रत्येक आईला सांगून मगच कपडा हातात द्या. वाढदिवस म्हटलं की औक्षण आलं, केकवरच्या मेणबत्त्या आल्या. नायलॉन-पॉलिस्टरचं नेट ठिणगीला लगेच धरतं आणि वितळून अंगाला चिकटतं. मुलीला पाटावर बसवलं की घेर चारी बाजूंना पसरतो आणि निरांजनाचं ताट खाली ठेवलेलं असतं. ताट उंचावर ठेवायला सांगा, फुलबाजी तर या कपड्यात नकोच.

शिकायचं कुणाकडून, हे मला नेहमी विचारतात. सविस्तर पाया हवा असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा ट्रेड चांगला. मात्र कागदावरच्या कटिंगवर महिने काढणाऱ्या महागड्या क्लासपेक्षा अल्टरेशन करणारा जुना टेलर मला जास्त मोलाचा वाटतो. तो रोज दुसऱ्यांचे कपडे उसवतो, त्यामुळे कुठली शिलाई कुठे फाटते ते त्याला पाठ असतं. त्याच्यासमोर बसा, उसवायचं काम मागून घ्या. दुसरा गुरू म्हणजे तयार कपडा. एखादा जुना घेरदार फ्रॉक मिळाला तर ब्लेडने एकेक टाका उसवून बघा. आणि ग्लू गनने नेट चिकटवायला शिकवणारा कुणीही असो, त्याच्यापासून लांब राहा. वाळलेला ग्लू खड्यासारखा टोचतो आणि इस्त्री फिरली की पाघळतो.

फिटिंगला मुलीला नुसतं उभं करून पाहू नका. मांडी घालून बसू द्या, दोन जिने चढू द्या, एक गिरकी घेऊ द्या. ती कमरेपाशी हात नेत असेल तर तिथे काहीतरी टोचतंय, ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. नेफ्याला, म्हणजे इलॅस्टिक घालायच्या दुमडीला, आतून एक बारीक तोंड ठेवा, म्हणजे इलॅस्टिक पुढच्या वर्षी सैल करता येईल. योक कापताना लांबीत दोन इंच जास्त धरून त्याचा आडवा टक, म्हणजे शिवलेली घडी, घाला, मोठ्या टाक्याने. मुलगी वाढली की आईने टक उसवायचा, पेटीकोट दोन इंच खाली उतरतो.