बॅटरी चार्जिंग कार्ट बांधताय? या चुका टाळा

‘सर, बॅटरी खराब आहे.’ रोबोट स्पर्धेत सामन्याच्या मध्येच रोबोट आचके देत थांबला की पिटमध्ये (संघाच्या दुरुस्तीच्या जागेत) पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. आमच्याकडे एका हंगामात अशा तीन बॅटऱ्या ‘खराब’ ठरून कोपऱ्यात पडल्या होत्या. नंतर निवांत तपासल्या तर दोन ठणठणीत निघाल्या. एकीचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) टर्मिनलवर बोटानं फिरत होता. दुसरी रात्रभर चार्जरला होती खरी, पण त्या चार्जरची पिनच बोर्डात नीट बसली नव्हती. चार्जिंग कार्ट म्हणजे बॅटऱ्या ठेवायची आणि चार्ज करायची चाकांची गाडी. आम्ही प्लायवूडचं एक कपाट बांधलं होतं आणि त्याला कार्ट म्हणत होतो, एवढंच.

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या रोबोटला १२ व्होल्टची, साधारण १८ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी लागते. एकेक जवळपास ६ किलोची. आठ ठेवल्या की ४८ किलो, वर चार्जर आणि हत्यारं वेगळीच. आमच्या पहिल्या कार्टवर बॅटऱ्या वरच्या कप्प्यात होत्या, कारण उचलायला बरं पडतं. दाराच्या उंबऱ्याशी पुढचं चाक अडलं आणि सगळा डोलारा पुढे कलंडला. दोघा मुलांनी धरला म्हणून निभावलं. बॅटऱ्या खालीच ठेवा, चार्जर वर. टीव्हीच्या टेबलाची इवलीशी चाकं लावू नका. चार-पाच इंची, ब्रेकवाले कॅस्टर घ्या. आणि कार्टची रुंदी ठरवण्याआधी वर्कशॉपचं दार मोजा. हसू नका, आम्ही मोजलं नव्हतं.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट: जोडणी. रोबोटचा मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा असतो. जोरात ढकलाढकली चालू असताना बॅटरीतून १०० अँपिअर सहज वाहतात. सैल लगमुळे फक्त १० मिलिओहम रोध वाढला, तरी १०० अँपिअरला तिथेच १ व्होल्ट पडतो आणि त्या एका सांध्यात १०० वॉट उष्णता होते. जुना पिवळा बल्ब आठवा, तेवढी. मोटरींच्या ओढीनं आधीच खाली आलेलं व्होल्टेज साडेसहाच्या आसपास घसरलं की कंट्रोलर मोटरी बंद करतो आणि प्रेक्षकांना वाटतं रोबोट मेला.

मल्टिमीटर इथे फसवतो. टेबलावर १२.८ दाखवतो, कारण त्याला प्रवाह असा ओढावाच लागत नाही. म्हणून आधी लग हातानं हलवून बघा. जरासुद्धा फिरला तर नट कसा, खाली स्प्रिंग वॉशर आहे ना ते पाहा. सामन्यानंतर लगेच कनेक्टरला हात लावा. एकच बाजू गरम लागली तर दोष त्याच बाजूला. मग लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर खरा भार टाकून तपासणारं यंत्र. या क्रमानं गेलात तर निम्म्या ‘खराब’ बॅटऱ्या परत कामाला लागतात. लग क्रिम्प करताना, म्हणजे वायरीवर दाबून बसवताना, पक्कडीनं दाबून भागवू नका, योग्य डायचं क्रिम्पिंग टूल कुणाकडून तरी मागून आणा. वायर १६ स्क्वेअर एमएमची, लवचीक तांब्याची. टर्मिनल उघडी ठेवू नका. वरून पाना पडून दोन्ही टर्मिनलांना टेकला तर तो तिथेच चिकटून लालबुंद होतो. आणि बॅटरी वायरला धरून उचलणाऱ्याला त्या दिवशी झाडू मारायला लावा.

चार्जरला मगरक्लिपा आल्या असतील तर कापून रोबोटवर आहे तोच अँडरसन कनेक्टर (एकाच दिशेनं बसणारा जाड प्लग) बसवा. स्पर्धेचा नियमही तोच आहे, आणि उलट जोडणीची भीती जाते. ६ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहानं चार्ज करायचं नाही, हाही नियमच. ‘लवकर होईल’ म्हणून गाडीच्या बॅटरीचा मोठा चार्जर आणणारा एक पालक दरवर्षी भेटतो. त्याला चहा पाजून परत पाठवा. अमेरिकेहून कुणी चार्जर आणून दिला असेल तर मागची पट्टी वाचा: १००–२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल आणि फक्त ११५ असेल, तर आपल्या २३० वर तो एकदाच चालेल. बोर्ड तीन पिनी, अर्थिंगवाला, स्वतःच्या एमसीबीसह (आपोआप पडणाऱ्या स्विचसह) कार्टवर पक्का बसवा. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत नेऊ नका.

बंद दारांचं देखणं कपाट करायचा मोह होतो. नको. चार्जर तापतात, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सोडते. मागची बाजू जाळीची ठेवा. मैदानातून आलेली बॅटरी गरम असेल तर निवू द्या, मग लावा. चार्जरवर एजीएमचा (याच प्रकारच्या सीलबंद बॅटरीचा) पर्याय असेल तर तोच निवडा.

हिरवा दिवा लागला की मुलं बॅटरी पळवतात. पण रिकामी बॅटरी भरायला ६ अँपिअरनं हिशेबानंच तीन तास, आणि शेवटचा टप्पा संथ असल्यानं प्रत्यक्षात त्याहून जास्त. प्रत्येक बॅटरीवर नंबर लिहा. कार्टच्या बाजूला पाटी लावून कोणती कधी लावली, कधी काढली ते खडूनं लिहा. जी आधी भरली ती आधी जाईल. हंगाम संपल्यावर उतरलेल्या बॅटऱ्या तशाच सोडल्या तर आत सल्फेट धरतं. काही चार्जर मग त्यांना ओळखतच नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एकदा भरून ठेवा.

खालच्या कप्प्यात खाण्याच्या सोड्याचा डबा, रबरी हातमोजे आणि गॉगल कायमचे ठेवा. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी परत कार्टवर चढवायची नाही. गळलेल्या आम्लावर सोडा टाकून, वेगळ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवायची आणि बॅटरीवाल्याकडे परत द्यायची.