चर्चच्या तरुण संघातले स्वयंसेवक टिकवायचे तर

"मदत कराल का?" असं मोघम विचारू नका. काम नेमकं सांगा: उपासनेनंतर दारात उभं राहायचं, नव्या मुलाला नाव विचारून कुणाशेजारी तरी बसवायचं, तीन महिने. मुदत कळली की माणूस मोकळेपणानं हो म्हणतो. सगळं स्वतःच ओढू नका. बायबलमधल्या निर्गम 18 मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हेच बजावतो: कामं वाटून दे, दहा-दहांवरही नायक नेम. मुलांसोबत मात्र कायम दोन मोठी माणसं हवीत, यात सूट नाही.

आमच्या संघात एक ताई खुर्च्या लावायच्या. मी वर्षभर नुसतं "छान" म्हणत राहिलो. एकदा म्हटलं, "ताई, तो गप्प मुलगा आज तुमच्यामुळे बोलला." त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या रविवारपासून त्या त्याच्याशेजारीच बसू लागल्या.