लेपर्ड गेकोसाठी कमी खर्चात जिवंत खाद्य: घरच्या घरी किड्यांची पैदास

लेपर्ड गेको हा पालीच्या जातीचा पाळीव सरडा फळे किंवा पाला खात नाही. त्याला हलणारे, जिवंत कीटकच लागतात; वाढत्या पिल्लाला ते जवळजवळ रोज, तर प्रौढ गेकोला आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावे लागतात. चांगली निगा राखली तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतो, त्यामुळे दर वेळी छोटा डबा विकत आणण्याचा खर्च कधी संपतच नाही, आणि कुरिअरने मागवलेले किडे उन्हाळ्यात वाटेतच मरण्याची शक्यता असते ती वेगळीच. म्हणून सुरुवातीपासून पैदास घरीच करावी. पैशांची बचत किड्यांच्या खरेदीत करावी. किड्यांना जे खाऊ घालायचे त्यात आणि कॅल्शियममध्ये मात्र ती कधीही करू नये.

नवशिक्याने मीलवर्मपासून सुरुवात करणे उत्तम. मीलवर्म ही एका काळ्या भुंगेऱ्याची अळी असून तिला वास जवळजवळ नसतो, ती आवाज करत नाही आणि गुळगुळीत प्लास्टिकवर चढूही शकत नाही. झाकणाला मोठे भोक पाडून त्यावर बारीक जाळी चिकटवलेले तीन पसरट डबे घ्यावेत: एक अळ्यांचा, एक कोषांचा आणि एक भुंगेऱ्यांचा. अळ्यांच्या आणि भुंगेऱ्यांच्या डब्यात चार-पाच सेंटिमीटर जाडीचा गव्हाचा कोंडा पसरावा. कोंडा साधा असावा, कारण मिश्र पशुखाद्यात युरियासारखे घटक असू शकतात. आणलेला कोंडा दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास त्यातले टोके (धान्यातले बारीक किडे) आणि पतंगाच्या अळ्या मरतात. ही पायरी गाळली तर काही आठवड्यांत डब्यात जाळी धरलेली दिसते.

दोन-तीनशे अळ्या आणून कोंड्यात सोडाव्यात आणि ओलाव्यासाठी वर गाजराची किंवा बटाट्याची जाड चकती ठेवावी. पाण्याची वाटी ठेवू नये. चकती दर दोन दिवसांनी बदलावी; कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ती रोज पाहावी लागते, कारण दमट हवेत तिच्याखालचा कोंडा गोळा होऊन त्यावर बुरशी धरते आणि बुरशीमागोमाग धुळीसारखे दिसणारे सूक्ष्म माइट्स (कोळ्याच्या जातीचे बारीक जीव) येतात. अळी वाढताना अनेकदा कात टाकते, आणि नुकतीच कात टाकलेली अळी काही तास पांढरीशुभ्र व मऊ असते. तिला आजारी समजून फेकू नये. उलट गेकोला पचायला ती अधिक सोपी असते.

अळीचा कोष झाला की तो चमच्याने अलगद उचलून दुसऱ्या डब्यात ठेवावा, नाहीतर अळ्या आणि भुंगेरे त्याला कुरतडतात. साधारण एक ते तीन आठवड्यांत कोषातून फिकट रंगाचा भुंगेरा निघतो आणि हळूहळू काळा होतो. भुंगेरे कोंड्यात अंडी घालतात. ती इतकी बारीक व चिकट असतात की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे वेचून नव्या कोंड्यात हलवावेत आणि जुना कोंडा न चाळता तसाच ठेवावा. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानात अंडी एक-दोन आठवड्यांत फुटतात, तरी अळ्या खायला देण्याजोग्या होईपर्यंत आणखी दोन-तीन महिने जातात. तोवर बाहेरून थोडे किडे आणावेच लागतील, हे गृहीत धरावे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या थंडीत सगळे चक्र मंदावते. विदेशात थंड प्रदेशात राहणाऱ्यांना डबे घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावे लागतात. अळ्यांची विष्ठा म्हणजे बारीक पूड असते आणि तिच्या धुळीची काहींना ॲलर्जी होते, म्हणून चाळताना मास्क लावावा.

मीलवर्ममध्ये चरबी बरीच असते, त्यामुळे एवढ्यावरच गेकोला ठेवू नये. जोडीला रातकिडे असावेत. उंच डब्यात पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे ठेवावेत, पाण्यासाठी ओला स्पंज ठेवावा (उघड्या पाण्यात पिल्ले बुडतात) आणि ओल्या कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरलेली वाटी अंडी घालायला द्यावी. तीस अंशांच्या आसपास ही अंडी साधारण दहा दिवसांत फुटतात आणि सहा ते आठ आठवड्यांत किडे पूर्ण वाढतात. नर रात्रभर किरकिरतात, हे सदनिकेत राहणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. सगळे रातकिडे एकाच डब्यात ठेवू नयेत: 2009-10 च्या सुमारास एका विषाणूमुळे अमेरिकेतल्या व्यावसायिक पैदास केंद्रांतले घररातकिडे मोठ्या प्रमाणावर मेले होते, आणि घरातही एक डबा बिघडला तर दुसरा हाताशी असावा.

मुंग्या हा दोन्ही डब्यांचा मोठा शत्रू आहे. डबे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावेत. मुंग्यांचा खडू कधीही ओढू नये आणि त्या खोलीत डासांची उदबत्ती किंवा लिक्विड लावू नये. त्यातले कीटकनाशक रातकिड्यांनाही मारते. घरातली झुरळे किंवा दिव्याखाली जमलेले किडे पकडून देणे फुकट वाटते, पण त्यांनी कोणते औषध खाल्ले आहे ते कळायला मार्ग नसतो. काजवे तर मुळीच देऊ नयेत. ते खाऊन पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. मीलवर्म आणि रातकिडे या दोहोंत कॅल्शियमच्या कैक पट फॉस्फरस असतो, म्हणून नुसत्या किड्यांवर वाढलेल्या गेकोची हाडे मऊ पडतात, जबडा लिबलिबीत होतो आणि पाय वाकतात. त्यासाठी किडे देण्याआधी चोवीस तास त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा असे पौष्टिक खाद्य द्यावे आणि देताना छोट्या डब्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक पुडीत घोळवावे. वाढत्या पिल्लाला जवळजवळ प्रत्येक वेळी पूड लागते. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना देतात तो समुद्रफेस वस्त्रगाळ केला तरी चालतो. पानाला लावायचा चुना मात्र दाहक असतो, तो अजिबात वापरू नये. डी-3 जीवनसत्त्वाची मात्रा सरीसृपांच्या पशुवैद्यकाला विचारून ठरवावी, कारण तिचा अतिरेकही घातक ठरतो.

किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. तो संध्याकाळी द्यावा, कारण गेको तेव्हाच जागा होतो. दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेले रातकिडे टाकीतून काढून घ्यावेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात. काढलेले किडे पुन्हा पैदाशीच्या डब्यात टाकू नयेत, विशेषतः घरात एकापेक्षा जास्त गेको असतील तर.