लिंकनच्या मारेकऱ्याच्या मागावर: डीसीहून गाडीने एका दिवसात कसं फिरायचं

डीसीत पाहुणे आले की तेच ते, मेमोरियल, म्युझियम, पायाचे तुकडे. त्यापेक्षा एक शनिवार काढा आणि जॉन विल्क्स बूथ ज्या रस्त्याने पळाला त्या रस्त्याने गाडी काढा. सरळ गेलात तर दोनेक तासांचं ड्रायव्हिंग आहे, त्याला तेवढ्याला १२ दिवस लागले, आणि का लागले हे तिथं जाऊनच कळतं.

सुरुवात टेन्थ स्ट्रीटवरच्या फोर्ड्स थिएटरपासून. टाइम्ड तिकीट ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या, नाहीतर दिवस तिथंच संपतो. १४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडे, रात्री सव्वादहाच्या सुमारास गोळी, बॉक्समधून स्टेजवर उडी, मागच्या दाराने गल्लीत, घोडा, गायब. ते एवढंसं पिस्तूल खाली म्युझियममध्ये ठेवलंय, बघून खरं वाटत नाही. समोरच्या पीटरसन हाउसमध्ये लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी ७.२२ ला वारले. झालं की मागच्या गल्लीत एक चक्कर मारा आणि निघा, इथं रेंगाळू नका, खरी गंमत पुढे आहे.

इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिजवरून अ‍ॅनाकोस्टिया ओलांडा. तेव्हा इथं नेव्ही यार्डचा पूल होता, रात्री जायला बंदी, आणि सार्जंट कॉबने नाव विचारलं तर या बाबाने चक्क खरं नाव सांगितलं आणि तरी त्याला सोडलं! मागोमाग साथीदार डेव्हिड हेरल्डही सुटला.

मग मेरिलँडमध्ये क्लिंटनला सरॅट हाउस. इथून बूथ-हेरल्डने आधीच लपवून ठेवलेली बंदूक उचलली. घराची मालकीण मेरी सरॅट ७ जुलैला फासावर गेली, अमेरिकेच्या केंद्र सरकारने फाशी दिलेली पहिली बाई. तिथून वॉल्डॉर्फजवळ डॉ. मडचं घर. पहाटे चारला दार वाजलं, डॉक्टरने बूथचा मोडलेला पाय बांधला, बूट कापून काढला, आणि तोच बूट पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. ही दोन्ही घरं रोज उघडी नसतात, मडचं तर हिवाळ्यात बंदच असतं, तेव्हा निघायच्या आधी वेळा बघूनच घ्या, आम्ही न बघता गेलो आणि कुंपणावरून फोटो काढून परत फिरलो.

आता मेन पार्ट. यूएस ३०१ हायवेने बेल आल्टनकडे या, बूथ-हेरल्ड मदत मागायला गेले ते रिच हिलचं घर बघा आणि पाइन थिकेटची पाटी शोधा. पाटी पटकन दिसत नाही, हळू चालवा. इथल्या झाडीत हे दोघे साधारण पाच दिवस पडून होते, थंडीत, शेकोटी न पेटवता. थॉमस जोन्स नावाचा माणूस जेवण आणि पेपर आणून द्यायचा. बूथला वाटत होतं आपण हिरो झालो असू, आणि पेपरात सगळे शिव्या घालतायत. बूथ, हेरल्ड आणि मेरीचा मुलगा जॉन सरॅट अशा तिघांवर मिळून एक लाख डॉलरचं बक्षीस, त्यातले पन्नास हजार एकट्या बूथवर, आणि जोन्स काही बोलला नाही. बारा दिवसांचं उत्तर माझ्या मते इथंच आहे: मोडका पाय, समोर नदी, आणि गप्प बसणारी माणसं. घोडदळ कितीही पाठवा, गावच बोलत नसेल तर काय उपयोग.

पोप्स क्रीकला जाऊन पोटोमॅक बघाच. इथं पात्र एवढं रुंद आहे की आपल्याला खाडीच वाटते. २० तारखेच्या रात्री होडी घेऊन निघाले आणि वाट चुकून परत मेरिलँडच्याच किनाऱ्याला लागले, व्हर्जिनिया गाठायला आणखी दोन रात्री गेल्या. आपण नाइस ब्रिजवरून दोन मिनिटांत पार. टोल कॅश घेत नाहीत, ई-झेडपास ठेवा.

पुढे पोर्ट कॉनवे, रॅपाहॅनॉक ओलांडून पोर्ट रॉयल, आणि थोडं पुढे गॅरेटच्या शेताची जागा. घर नाही, कोठार नाही, ३०१ च्या दोन बाजूंच्या मधल्या झाडीत गेलंय सगळं. कडेची पाटी वाचा, पळत रस्ता ओलांडून आत शिरायच्या भानगडीत पडू नका, गाड्या सुसाट असतात. २६ एप्रिलच्या पहाटे सोळाव्या न्यूयॉर्क घोडदळाने तंबाखूचं कोठार घेरलं, हेरल्ड बाहेर आला, बूथ येईना, आग लावली, आणि फटीतून बॉस्टन कॉर्बेटने गोळी घातली. सकाळी सातच्या सुमारास तो संपला.

परत येताना जीपीएस आय-९५ दाखवेल, ऐकू नका, फ्रेडरिक्सबर्गला अडकाल. आल्या वाटेने ३०१ नेच या.